खटल्याविना दहा वर्षे : संपादक शुबार्ट आणि आस्पेर्गचा किल्ला

श्टुटगार्ट शहराच्या उत्तर भागातील त्सुफेनहाउझेन हे नाव जर्मनीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी अभियंत्यांना पोर्शेच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. तेथून उत्तरेकडे जाणारी एस ५ ही लोकल कोर्नवेस्टहाइम आणि लुडविग्सबुर्ग मागे टाकून सुमारे पाव तासात आस्पेर्ग स्थानकात पोहोचते. सपाट मुलखातून एकाएकी वर आलेली, द्राक्षमळ्यांनी वेढलेली एक एकटी टेकडी तेथे दिसते. समुद्रसपाटीपासून तिची उंची अवघी ३५६ मीटर. तरीही वुर्टेम्बर्गमधला सर्वांत उंच डोंगर हाच, कारण वर जायला थोडा वेळ पुरतो आणि खाली उतरायला वर्षे लागतात, असे या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गमतीने म्हणत आले आहेत. गमतीमागचे कारण टेकडीच्या माथ्यावर आहे. तेथील होहेनआस्पेर्ग हा किल्ला शतकानुशतके तुरुंग म्हणून वापरला गेला.

जानेवारी १७७७ मध्ये या किल्ल्यात एका संपादकाला आणण्यात आले. त्याच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला झाला नाही, शिक्षेची मुदतही कोणी सांगितली नाही. तो बाहेर पडला तो मे १७८७ मध्ये. त्याचे नाव क्रिस्टियान फ्रीड्रिख डानिएल शुबार्ट. व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध संगीतकार फ्रांत्स शूबर्ट तो वेगळा. नावातील साम्यामुळे दोघांची गल्लत होते, आणि पुढे या दोघांची एका गीतात गाठही पडली. जर्मन साहित्याच्या इतिहासात शुबार्टची नोंद कवी म्हणून होते, संगीताच्या इतिहासात वादक आणि विचारवंत म्हणून. परंतु ज्या कामासाठी त्याला दहा वर्षे मोजावी लागली ते काम वृत्तपत्राचे होते.

ऑर्गनवादकाचा प्रवास

शुबार्टचा जन्म मार्च १७३९ मध्ये श्वाबिया प्रांतातील ओबरझोन्टहाइम या गावी झाला. बालपण आलेन या छोट्या शहरात गेले. वडील शाळेत शिकवत, चर्चमध्ये संगीताची आणि धर्मोपदेशाची जबाबदारी सांभाळत. घरात पैसा बेताचा आणि संगीत भरपूर. मुलाने पाद्री व्हावे या हेतूने त्याला नर्डलिंगेन आणि न्यूरेनबर्ग येथील शाळांत व पुढे एर्लांगेन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकण्यासाठी पाठवण्यात आले. तेथे त्याने अभ्यासापेक्षा मैफली अधिक केल्या, कर्ज करून ठेवले आणि पदवी न घेताच घरी परतला. १७६३ मध्ये गाइसलिंगेन येथे शाळामास्तर व ऑर्गनवादक अशी नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी त्याने तेथील जकात अधिकाऱ्याची मुलगी हेलेने ब्यूलर हिच्याशी लग्न केले. या विवाहाची खरी कसोटी पुढे लागायची होती.

१७६९ मध्ये शुबार्ट वुर्टेम्बर्गचा ड्यूक कार्ल ऑयगेन याच्या लुडविग्सबुर्ग येथील दरबारी ऑर्गनवादक म्हणून दाखल झाला. त्याच्या बोटांत असामान्य सामर्थ्य होते. १७७२ मध्ये युरोपभर फिरत आलेला इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी त्याचे वादन ऐकून प्रभावित झाला. मात्र बोटांइतकीच त्याची जीभही चपळ होती. मद्य, प्रेमप्रकरणे, पाद्र्यांची टिंगल आणि दरबाऱ्यांवरची उपहासगीते यांमुळे शत्रू वाढत गेले. स्थानिक धर्माधिकाऱ्याने त्याला चर्चमधून बहिष्कृत केले आणि १७७३ मध्ये ड्यूकने त्याला राज्याबाहेर काढले. हाइलब्रोन, मानहाइम, म्यूनिक अशी भटकंती करत तो १७७४ च्या आरंभी आउग्सबुर्गला पोहोचला. वय पस्तीस, हाताला काम नाही, कुटुंब दूर.

शुबार्टच्या चरित्राचा हा भाग त्याच्या चाहत्यांनी अनेकदा झाकून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्याची गरज नाही. तो साधुपुरुष नव्हता. त्याच्या पत्राचे मोल त्याच्या सदाचारावरून ठरवायचे नाही, त्या पत्राने काय सांगितले आणि कोणासाठी सांगितले, यावरून ठरवायचे आहे.

आठवड्यातून दोनदा

मार्च १७७४ च्या अखेरीस आउग्सबुर्ग येथे 'डॉइचे क्रोनिक' या पत्राचा पहिला अंक निघाला. ते आठवड्यातून दोनदा प्रसिद्ध होई. त्याच वेळी पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या वधानंतरचे बारभाईंचे कारस्थान चालू होते आणि राज्यकारभाराच्या बातम्या वकिलांच्या पत्रांतून व अखबारांतून मुत्सद्द्यांपर्यंतच पोहोचत होत्या. हिंदुस्थानातील पहिले छापील वृत्तपत्र, जेम्स ऑगस्टस हिकीचे 'बंगाल गॅझेट', निघायला अजून सहा वर्षे होती. युरोपात वृत्तपत्रे होती, पण त्यातील बरीचशी सरकारी हुकुमांची आणि राजघराण्यांच्या जन्ममृत्यूची जंत्री असत.

शुबार्टचे पत्र निराळे होते. त्यात राजकारण, पुस्तके, संगीत, नाटक, थट्टा आणि संताप एकत्र नांदत. तो बराच मजकूर खानावळीत बसून, समोर बिअर आणि तोंडात पाइप असताना तोंडी सांगे, अशी त्याची ख्याती होती. त्यामुळे भाषेला बोलण्याचा वेग होता. अंक एकाच्या हाती येई आणि अनेकांना मोठ्याने वाचून दाखवला जाई. शेकडो लहानमोठ्या राज्यांत विभागलेल्या जर्मन मुलखात एका राज्यातील अन्याय दुसऱ्या राज्यातील कारागिराला कळू लागला. छपाईची संख्या सुमारे १६०० प्रतींपर्यंत गेली. त्या काळाच्या मानाने ही संख्या मोठी होती, आणि वाचकांची व श्रोत्यांची संख्या तिच्या कितीतरी पट असणार.

विषयांची निवड त्याला महागात पडत गेली. जेझुइट पंथीयांवर आणि भुते उतरवून रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या गास्नर या पाद्र्यावर त्याने टीका केली. आउग्सबुर्गच्या कारभाऱ्यांनी आधी पत्राच्या छपाईला अटकाव केला आणि १७७५ च्या आरंभी संपादकालाच शहराबाहेर काढले. तो उल्म या स्वतंत्र शहरात गेला. तेथून पत्र चालू राहिले.

तिथून त्याने त्या काळातल्या सर्वांत फायदेशीर आणि सर्वांत लाजिरवाण्या व्यापारावर लिहिले. तो व्यापार सैनिकांचा होता. अमेरिकेतील बंड मोडून काढण्यासाठी ब्रिटनला माणसे हवी होती आणि काही जर्मन राजांना पैसा हवा होता. १७७६ मध्ये हेसेन-कासेलच्या राजाने ब्रिटनशी करार केला. एकंदर सुमारे ३०,००० जर्मन सैनिक त्या युद्धात अमेरिकेला पाठवले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक हेसेन-कासेलचे होते. शेतकऱ्यांची मुले परक्या युद्धासाठी भाड्याने दिली जात होती आणि दर माणशी हिशेब राजाच्या तिजोरीत जमा होत होता. हे सर्वांना दिसत होते. शुबार्टने ते छापले, आणि अमेरिकेतील बंडखोरांबद्दल सहानुभूतीही दाखवली.

वुर्टेम्बर्गचा ड्यूक कार्ल ऑयगेन हाही या पत्राच्या टप्प्यात होता. या राजाच्या वैभवाची खूण आजही जमिनीवर उमटलेली आहे. त्सुफेनहाउझेनच्या पश्चिमेकडून जाणारी सोलिट्यूड-आले ही सुमारे १३ किलोमीटरांची सरळसोट वाट त्यानेच आखून घेतली, सोलिट्यूड हा डोंगरावरील महाल लुडविग्सबुर्गच्या महालाला जोडण्यासाठी. मधली शेते आणि गावे यांचा विचार त्या सरळ रेषेने केलेला दिसत नाही. प्रजेच्या प्रतिनिधी-सभेचा कायदेपंडित योहान याकोब मोझर याला ड्यूकने १७५९ पासून पाच वर्षे खटल्याविना होहेनट्वील किल्ल्यात ठेवले होते. उतारवयाकडे झुकताना मात्र त्याला शिक्षणाचे वेड लागले. सोलिट्यूडच्या महालात सुरू झालेली त्याची लष्करी शिस्तीची शाळा, पुढची कार्ल्सशूले, ही त्याच्या अभिमानाची वस्तू होती. शुबार्टने तिला गुलामांचा मळा म्हटले. जुलूम करणे थांबवावे लागले तेव्हा सिराक्यूजचा एक हुकूमशहा शाळामास्तर झाला, अशा अर्थाची त्याची उपहासकविताही पसरली. ड्यूकची सहचारिणी फ्रांत्सिस्का फॉन होहेनहाइम हिच्यावरही शेरे गेले. सत्तेवरची टीका एक वेळ सोसली गेली असती, पण सत्ताधाऱ्याच्या आत्मप्रतिमेला लावलेला हात सोसला गेला नाही.

शुबार्टच्या हातून चुकाही झाल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया टेरेझिया हिला पक्षाघाताचा झटका आल्याची बातमी त्याच्या पत्राने दिली आणि ती खोटी निघाली. उल्ममधील ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा रोष त्यामुळे ओढवला. कानावर आलेले तपासण्याआधी छापण्याची घाई ही या व्यवसायाइतकीच जुनी आहे. या चुकीला दुरुस्तीचा, जाहीर खुलाशाचा किंवा न्यायालयाचा मार्ग योग्य ठरला असता. प्रत्यक्षात वेगळाच मार्ग निवडला गेला.

ब्लाउबॉयरेनचे आमंत्रण

उल्म हे स्वतंत्र शहर असल्याने तेथे ड्यूकचा हुकूम चालत नव्हता. तेथून काही मैलांवर असलेले ब्लाउबॉयरेन मात्र वुर्टेम्बर्गच्या हद्दीत होते. जानेवारी १७७७ मध्ये तेथील मठाच्या जहागिरीचा अधिकारी उल्मला आला आणि त्याने शुबार्टला आपल्याकडे जेवणाचे आमंत्रण दिले. गप्पा आणि चांगले जेवण यांचा मोह शुबार्टला कधी आवरत नसे. बर्फातून घसरगाडी निघाली, हद्द ओलांडली गेली आणि ब्लाउबॉयरेनला पोहोचताच त्याला अटक झाली. होहेनआस्पेर्गला त्याला आणले तेव्हा ड्यूक आणि फ्रांत्सिस्का हे दोघे स्वतः किल्ल्यावर हजर होते.

ड्यूकने कैद्याच्या कुटुंबाला उपाशी मारले नाही. हेलेनेला निवृत्तिवेतन मिळाले, मुलगा लुडविग याची कार्ल्सशूलेत सोय झाली, मुलीलाही शिक्षण मिळाले. ज्या शाळेला बापाने गुलामांचा मळा म्हटले, त्याच शाळेत त्याचा मुलगा ड्यूकच्या कृपेने शिकू लागला. या दयेत एक थंड हिशेब होता. बाप कोठडीत आणि मुले उपकाराखाली, अशी ही व्यवस्था.

३७७ दिवस

शुबार्टला बुरुजातील दमट कोठडीत ठेवण्यात आले. पुस्तके नाहीत, कागद नाही, लेखणी नाही, कोणाची भेट नाही. हे ३७७ दिवस चालले. किल्ल्याचा अधिकारी फिलिप फ्रीड्रिख रीगर हा स्वतः एके काळी ड्यूकच्या मर्जीतून उतरून होहेनट्वीलच्या अंधारकोठडीत चार वर्षे काढून आलेला होता. तुरुंगाने त्याला कडवा धार्मिक बनवले होते, आणि तीच मात्रा तो आता नव्या कैद्याला देत होता. शुबार्टला पश्चात्तापाची धार्मिक पुस्तके देण्यात आली. त्याची स्वतंत्र बुद्धी मोडून त्याला सुधारणे हे या कैदेचे उद्दिष्ट होते.

फेब्रुवारी १७७८ मध्ये त्याला कोठडीतून काहीशा बऱ्या खोलीत हलवण्यात आले. त्याच महिन्यात ड्यूकचा पन्नासावा वाढदिवस होता. त्या निमित्ताने त्याने राज्यातील सर्व चर्चमधून एक जाहीरनामा वाचून दाखवला. त्यात गतकाळातील चुकांची कबुली होती आणि यापुढे प्रजेचे कल्याण पाहण्याचे वचन होते. शुबार्टची सुटका करण्याइतका हा पश्चात्ताप खोल गेला नव्हता.

लेखनबंदी असतानाच शुबार्टने आपले आत्मचरित्र रचले. शेजारच्या कोठडीत आणखी एक कैदी होता आणि दोन खोल्यांच्या भिंतीत एक फट होती. शुबार्ट जमिनीवर आडवा पडून त्या फटीतून बोलत राही आणि पलीकडचा कैदी ते उतरवून घेई. खानावळीत तोंडी सांगून वृत्तपत्र काढणाऱ्या माणसाला ही पद्धत नवी नव्हती, फक्त श्रोता भिंतीपलीकडे गेला होता. हे आत्मचरित्र पुढे १७९१ आणि १७९३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. पश्चात्तापाचा धार्मिक सूर त्यात सर्वत्र आहे. तो किती मनापासूनचा आणि किती पहारेकऱ्यांसाठीचा, हे वाक्यावाक्यातून वेगळे करणे अवघड जाते. तुरुंगात लिहिलेल्या मजकुराचे हेच दुर्दैव असते.

हळूहळू बंधने सैल झाली. शुबार्ट किल्ल्यातील अधिकाऱ्यांच्या मुलांना संगीत शिकवू लागला, शिपायांकडून नाटके बसवून घेऊ लागला. त्याची कीर्ती ऐकून लोक किल्ल्यावर येऊ लागले. त्यांत एक तरुण लष्करी डॉक्टर होता, फ्रीड्रिख शिलर. शिलरच्या 'दी रॉयबर' या पहिल्या नाटकाचे बीज शुबार्टने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कथेत होते. कार्ल्सशूलेत शिकलेल्या या तरुणाला ड्यूकने वैद्यकाखेरीज काहीही लिहिण्यास मनाई केली. आस्पेर्गची टेकडी त्याने पाहिली होती. सप्टेंबर १७८२ मध्ये तो वुर्टेम्बर्ग सोडून पळाला. जर्मन रंगभूमीला तिचा सर्वांत मोठा नाटककार टिकवून देण्यात शुबार्टच्या कैदेचा असाही वाटा आहे.

'दी फोरेले' ही कविताही शुबार्टने याच किल्ल्यात लिहिली. स्वच्छ पाण्यात मुक्त खेळणारा मासा आणि पाणी गढूळ करून त्याला फसवणारा कोळी, असा तिचा विषय. शेवटच्या कडव्यात तरुण मुलींना सावधगिरीचा उपदेश आहे. पण ब्लाउबॉयरेनचे आमंत्रण ठाऊक असलेल्या वाचकाला तो मासा कोण हे सांगावे लागत नाही. फ्रांत्स शूबर्टने १८१७ च्या सुमारास ते कडवे वगळून कवितेला चाल दिली आणि ती जगभर गेली. आज ते गीत ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागचा तुरुंग ठाऊक असतो.

हेलेनेला नवऱ्याची पहिली भेट घेता आली ती १७८५ मध्ये, आठ वर्षांहून अधिक काळानंतर. तोवर तिने अर्जविनंत्या थांबवल्या नव्हत्या. त्याच सुमारास शुबार्टच्या कवितांचा संग्रह छापण्यास परवानगी मिळाली, मात्र छपाई ड्यूकच्याच शाळेच्या छापखान्यात झाली आणि नफ्यातील मोठा वाटा तिकडेच गेला. राजांच्या थडग्यांपाशी उभे राहून त्यांच्या अन्यायाचा हिशेब मांडणारी 'दी फ्युर्स्टेनग्रुफ्ट' ही त्याची कविता राज्याबाहेर पसरली होती. दुसऱ्या बाजूला, ड्यूक आणि फ्रांत्सिस्का यांच्या स्तुतीच्या कविताही त्याच हाताने लिहिल्या होत्या.

विकलेल्या सैनिकांचे गाणे

या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग १७८७ च्या आरंभीचा आहे. कार्ल ऑयगेनने डच ईस्ट इंडिया कंपनीशी करार करून सुमारे २,००० सैनिकांची पलटण आशा-भूशिराकडे पाठवण्याचे मान्य केले. पैशाच्या बदल्यात माणसे, हाच तो व्यापार. फरक एवढाच की या वेळी विक्रेता शेजारचा राजा नव्हता, स्वतः वुर्टेम्बर्गचा ड्यूक होता. फेब्रुवारी १७८७ मध्ये पहिली तुकडी लुडविग्सबुर्गहून निघाली. पुढे या पलटणीला श्रीलंका आणि जावा येथपर्यंत नेण्यात आले. परत आलेल्यांची संख्या अगदी थोडी.

अकरा वर्षांपूर्वी हेसेनच्या सैनिकविक्रीवर लिहिणारा संपादक या वेळी त्याच लुडविग्सबुर्गपासून तासाभराच्या वाटेवर, किल्ल्यात होता. त्याने लिहिले, पण लेख लिहिला नाही. त्याने निरोपाचे गाणे लिहिले. 'काप्लीड' या नावाने ते प्रसिद्ध आहे. आईबाप, प्रेयसी, मायदेशाची सरहद्द, सोबत घेतलेली मूठभर माती, असा त्याचा करुण सूर. सैनिकांनी ते गात गात गाव सोडले आणि पुढे ते लोकगीत बनून जर्मन मुलखात पसरले. गाण्यातील दुःख खरे आहे. मात्र कोणी विकले, किती पैशाला विकले आणि का विकले, हे त्यात नाही. ते विचारणे वृत्तपत्राचे काम होते, आणि शुबार्टचे वृत्तपत्र त्याच्या अटकेनंतर मित्रांच्या हाती काही काळ तग धरून बंद पडले होते.

सुटका आणि दरबारी पगार

शुबार्टच्या सुटकेसाठी जर्मनीतील अनेक लेखकांनी प्रयत्न केले. निर्णायक ठरला तो प्रशियाच्या दरबाराचा शब्द. १७८६ मध्ये शुबार्टने प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याच्यावर लिहिलेली स्तुतिकविता फार गाजली होती आणि बर्लिनमधून त्याच्यासाठी रदबदली झाली. मे १७८७ मध्ये तो मोकळा झाला. त्याला हद्दपार करण्यात आले नाही. ड्यूकने त्याला श्टुटगार्टच्या दरबारी रंगभूमीचा व संगीताचा संचालक नेमले, पगार ठरवून दिला आणि पत्र पुन्हा काढण्याची मुभाही दिली.

पत्र पुन्हा निघाले. वाचक त्याला विसरले नव्हते. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बास्तीय पडला तेव्हा त्याने फ्रेंच राज्यक्रांतीचे मोकळ्या मनाने स्वागत केले. तुरुंगाने त्याचा आवाज पुरता बंद केला नव्हता, हे यातून दिसते. पण पॅरिसच्या राजवाड्याबद्दल जे लिहिता येत होते ते श्टुटगार्टच्या राजवाड्याबद्दल लिहिता येत नव्हते. पगार देणारा हात आणि कोठडीचे कुलूप लावणारा हात एकच होता. किल्ल्याने जे पूर्ण झाले नाही ते काम मेहेरबानीवर सोपवण्यात आले.

१० ऑक्टोबर १७९१ रोजी श्टुटगार्ट येथे शुबार्टचे निधन झाले. वय अवघे ५२. दोन वर्षांनी ड्यूकही गेला. पत्र काही काळ मुलाने आणि कवी श्टॉइडलिनने चालवले आणि १७९३ मध्ये तेही संपले. शुबार्टचे दफन श्टुटगार्टच्या होपेनलाउ दफनभूमीत झाले.

पुणे, कोल्हापूर आणि डोंगरी

मराठी वाचकाला या कथेतील काही वळणे ओळखीची वाटतील. १८८१ च्या अखेरीस पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कोल्हापूर संस्थानातील तरुण महाराजांच्या छळाबद्दल व दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभाराबद्दल लिहिले. उल्ममधून वुर्टेम्बर्गवर लिहावे तसे पुण्यातून कोल्हापूरवर लिहिले गेले. दरबाराच्या हद्दीत राहणाऱ्याला जे बोलता येत नाही ते हद्दीबाहेरच्याने बोलायचे, हे दोन्हीकडचे सूत्र. मारिया टेरेझियाच्या बातमीसारखीच येथेही चूक झाली. ज्या पत्रांवर विसंबून आरोप केले गेले ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

दोन्ही घटनांतील अंतर मोजण्याजोगे आहे. टिळक-आगरकरांवर आरोप ठेवला गेला, पुरावे तपासले गेले, वकील उभे राहिले, शिक्षेची मुदत ठरली आणि ती संपण्याआधी सुटकाही झाली. परकी सत्ता होती आणि पुढे तिच्याच न्यायालयाने १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवले. तरीही १८८२ मध्ये चूक कोणती आणि शिक्षा किती, हे उघडपणे सांगितले गेले. शुबार्टला हे कधीच सांगितले गेले नाही. पत्रकार चुकू शकतो, आणि त्याच्या चुकीने निरपराध माणसाचे नुकसान होऊ शकते. त्यासाठीच चुकीचा निवाडा भर दिवसा, कायद्याने आणि ठरलेल्या मर्यादेत व्हावा लागतो. तो निवाडा ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच हाती गेला, की चूक आणि धैर्य यांना एकच कोठडी मिळते.

वुर्टेम्बर्गमध्ये छपाईपूर्व तपासणी १८४८ च्या मार्चमध्ये उठली, शुबार्टच्या मृत्यूनंतर सुमारे ५६ वर्षांनी. तोवर आस्पेर्गच्या किल्ल्यात आणखी बरेच लेखक आणि सुधारक येऊन गेले. अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट त्यांपैकीच एक. राज्यकारभारावर टीका करणारा अर्ज छापल्याबद्दल त्याला १८२४ मध्ये येथे ठेवले गेले. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता येताच राजकीय विरोधकांना येथे डांबण्यात आले, आणि मे १९४० मध्ये सिंती व रोमा कुटुंबांना येथे गोळा करून पूर्वेकडे पाठवण्यात आले. १९४९ च्या जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमात वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी आणि सेन्सॉरशिप असणार नाही हे वाक्य आले, ते हा सारा इतिहास पाठीशी घेऊन. आज किल्ल्यात कैद्यांचे रुग्णालय आहे आणि २०१० पासून येथील राजकीय कैद्यांचे संग्रहालयही आहे.

हरवलेले अंक

शुबार्टच्या पत्राचे खंड ग्रंथालयात ओळीने लावले तर १७७० च्या दशकातील काही खंड दिसतात आणि नंतर थेट १७८७ मधले. मधल्या वर्षांत वुर्टेम्बर्गमध्ये महाल बांधले गेले, कर वसूल झाले, एक तरुण नाटककार देश सोडून पळाला आणि २,००० माणसांचा सौदा झाला. या घटनांना त्या पत्रात जागा मिळाली नाही, कारण पत्रच नव्हते.

पत्रकाराच्या कैदेची किंमत सहसा त्याच्या हालअपेष्टांत मोजली जाते. हेलेनेची आठ वर्षे आणि कोठडीतील ३७७ दिवस त्या हिशेबात येतात. परंतु मोठी किंमत मोजली ती लुडविग्सबुर्ग, कोर्नवेस्टहाइम, त्सुफेनहाउझेन यांसारख्या गावांतल्या शेतकरी कुटुंबांनी, ज्यांची तरणी मुले पलटणीत गेली. आपल्या मुलाच्या नावावर कोणाच्या तिजोरीत काय जमा झाले, हे त्यांना विचारता आले नाही, कारण त्यांच्या वतीने विचारू शकणारा माणूस टेकडीवर बंद होता. त्या मुलांसाठी गाणे राहिले, पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. बातमी मात्र राहून गेली.